एका लॅपटॉपवर डेटा सेंटरचं नेटवर्क: काय बिघडलं आणि का

दोन लीफ (ज्यांना सर्व्हर जोडतात ते स्विच), त्यांना आपसात जोडणारे दोन स्पाइन स्विच आणि दोन टोकांना एकेक होस्ट, म्हणजे संगणक. एवढं नेटवर्क १६ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर उभं राहतं, आणि आजचं नेटवर्किंग शिकायला याहून चांगली शाळा आम्हाला सापडलेली नाही. नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात ज्या मोठ्या इमारतींमध्ये सर्व्हरच्या रांगा उभ्या आहेत, तिथल्या नेटवर्कची रचना साधारण अशीच असते, फक्त आकडे मोठे. अशी लॅब आम्ही शून्यातून बांधली, मुद्दाम मोडली आणि पुन्हा बांधली. ते करताना कुठे अडकलो आणि लॅबने कुठे फसवलं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे. फसवण्याचा भाग जास्त महत्त्वाचा, कारण तो कुठल्याच व्हिडिओत सहसा सांगत नाहीत.

आधी पायाबद्दल. सबनेटिंग, व्हीलॅन, स्पॅनिंग ट्री आणि ओएसपीएफ हाताला बसलेलं नसेल तर या लॅबकडे वळू नका. त्यासाठी सिस्को कंपनीच्या सीसीएनए २००-३०१ या परीक्षेचा अभ्यासक्रम आजही उत्तम आहे, परीक्षा द्यायची नसली तरी. ऑगस्ट २०२४ पासून त्याची १.१ आवृत्ती लागू झाली. तिच्यात आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के, नेटवर्क फंडामेंटल्स आणि नेटवर्क अ‍ॅक्सेसला प्रत्येकी २० टक्के, आणि ऑटोमेशनला १० टक्के भार आहे. हे प्रमाण डोक्यात ठेवून वेळ वाटावा. ऑटोमेशनची हवा आहे म्हणून पायथनवर तीन महिने घालवणारे आणि /२७ चा ब्रॉडकास्ट पत्ता विचारल्यावर गडबडणारे उमेदवार आम्ही पाहिले आहेत. या टप्प्याला पॅकेट ट्रेसर हा सिम्युलेटर पुरतो. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत खातं उघडलं की तो फुकट मिळतो. पण त्यात खरी ऑपरेटिंग सिस्टिम चालत नाही, फक्त तिची नक्कल असते. ज्या कमांड त्यात भरलेल्या नाहीत, त्या तिथे नाहीतच.

पुढच्या टप्प्याला आम्ही कंटेनरलॅब हे लॅब उभी करणारं साधन घेतलं. त्याच कामाची जीएनएस३ आणि ईव्ह-एनजी ही साधनंही वाईट नाहीत. सिस्कोच्या सीएमएललाही आता ५ नोडपर्यंतची मोफत आवृत्ती आहे. पण या सगळ्यांत मुख्यतः व्हर्च्युअल मशिन चालतात. सिस्कोच्या नेक्सस ९००० स्विचची एकच व्हर्च्युअल प्रत ६ ते १० जीबी रॅम मागते, म्हणजे चार स्विच उभे करायलाच वेगळा सर्व्हर हवा. कंटेनरलॅबमध्ये राउटर म्हणजे एक डॉकर कंटेनर, अख्ख्या व्हर्च्युअल मशिनपेक्षा खूप हलका कप्पा. त्यात एफआरआर हा मुक्त राउटिंग संच घातला तर सहाही कंटेनर मिळून एक जीबीच्या आत राहतात आणि अर्ध्या मिनिटात चालू होतात. उबंटू असेल तर थेट, विंडोज असेल तर त्यातल्या डब्ल्यूएसएल २ या लिनक्स वातावरणात. सगळी रचना एका यामल फाइलमध्ये लिहायची: कुठले नोड, कुठली इमेज (कंटेनरचा साचा), कुणाचा कुठला पोर्ट कुणाला जोडला. ही फाइल पहिल्या दिवसापासून गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवा. इमेजला ‘लेटेस्ट’ टॅग लावू नका, नेमकी आवृत्ती लिहा, कारण एफआरआरच्या आवृत्त्यांमध्ये डीफॉल्ट बदलत आले आहेत. महिन्यापूर्वी चाललेली लॅब आज का चालत नाही, हे शोधण्यात वेळ जाऊ नये.

पत्त्यांची आखणी आम्ही साधी ठेवली. स्पाइन आणि लीफ यांच्यात चार लिंक, प्रत्येकीला एक /३१ (दोनच पत्त्यांचं सबनेट). प्रत्येक नोडला एक /३२ लूपबॅक, म्हणजे कुठल्याही एका पोर्टवर अवलंबून नसलेला पत्ता. दोन्ही स्पाइनना एकच एएस क्रमांक (राउटिंगमधली गटाची ओळख), ६५१००. लीफना वेगवेगळे, ६५००१ आणि ६५००२. अंडरलेसाठी, म्हणजे खालच्या मूळ आयपी नेटवर्कसाठी, ईबीजीपी: वेगवेगळ्या एएसमध्ये मार्गांची, म्हणजे रूटची, माहिती देणारा बीजीपी प्रोटोकॉल. मोठ्या डेटा सेंटरमध्ये ईबीजीपी का आणि कसं वापरायचं हे २०१६ च्या आरएफसी ७९३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात सविस्तर दिलं आहे. आरएफसी वाचायची सवय नसेल तर हिच्यापासूनच सुरुवात करा, कारण ती ऑपरेटरांनी लिहिल्यासारखी वाचनीय आहे. स्पाइनना एकच क्रमांक दिल्याने एका लीफचा रूट दुसऱ्या स्पाइनवर फिरून परत येत नाही, आणि दोन्ही स्पाइनकडून आलेल्या रूटचा एएस-पाथ (वाटेतल्या एएसची यादी) हुबेहूब सारखा असल्याने दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरात येतात. स्पाइनना वेगळे क्रमांक द्याल तर लीफवर मल्टिपाथ-रिलॅक्स (पाथ वेगळा पण तेवढाच लांब असला तरी दोन्ही मार्ग वापरू देणारी सोय) चालू करावं लागेल. दोन्ही लीफना चुकून एकच क्रमांक दिलात, तर लीफ स्वतःचाच क्रमांक पाथमध्ये पाहून समोरचा रूट नाकारेल. ही तिन्ही रूपं एकेकदा करून पाहावीत. बीजीपीचं लूप टाळणं त्यात जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही.

पहिला अडथळा अगदी दारातच. एफआरआरमध्ये बीजीपीचा डीमन (मागे चालणारा प्रोग्राम) मुळात बंद असतो. ‘डीमन्स’ नावाच्या फाइलमध्ये बीजीपीडीच्या पुढे ‘येस’ लिहून कंटेनर पुन्हा चालू करावा लागतो, नाहीतर कमांड लिहिताच बीजीपीडी चालू नाही असं उत्तर येतं. लिंक मेली हे पटकन ओळखणाऱ्या बीएफडीचंही तसंच, तोही आत्ताच चालू करून ठेवा, पुढे लागेल.

दुसरा अडथळा जास्त शिकवणारा. बीजीपीची चारही सेशन एस्टॅब्लिश्ड, म्हणजे जोडलेली, झाली, आणि समरीच्या तक्त्यात जिथे आलेल्या प्रीफिक्सचा (पत्त्यांच्या गटांचा) आकडा दिसायला हवा तिथे कंसात ‘पॉलिसी’ हा शब्द दिसला. रूट एकही नाही. हा दोष नव्हे. २०१७ च्या आरएफसी ८२१२ प्रमाणे, ईबीजीपी नेबरवर आत येणारी आणि बाहेर जाणारी अशी दोन्ही धोरणं लिहिलेली नसतील तर एकही रूट घेऊ नये आणि देऊ नये. एफआरआर हे पाळतो. एका ओळीत हा नियम बंद करता येतो, आणि इंटरनेटवरची बहुतेक उदाहरणं तेच करतात. आमचं मत स्पष्ट आहे: बंद करू नका. प्रीफिक्स-लिस्ट लिहा, राउट-मॅप लिहा, फक्त लूपबॅक आणि होस्टचे सबनेट जाऊ द्या. चुकून सगळे रूट बाहेर सोडल्याने जगभर जे खोळंबे झाले आहेत ते टाळायलाच हा नियम आला, आणि तो लॅबमध्येच अंगवळणी पडायला हवा.

याचा फायदा लगेच दिसला. राउट-मॅप न लावता ‘कनेक्टेड’ रूट बीजीपीत ढकलून पाहिले तेव्हा १७२.२०.२०.०/२४ हे सबनेटही सगळीकडे पोचलं. हे कंटेनरलॅबचं मॅनेजमेंट नेटवर्क. प्रत्येक कंटेनरचा ईथ० पोर्ट त्यावर असतो आणि डीफॉल्ट रूटही तिकडेच असतो. लॅबची पहिली फसवणूक हीच. एका होस्टवरून दुसऱ्या कंटेनरला नावाने पिंग केलं तर डॉकर त्या नावाचा मॅनेजमेंट पत्ता देतो, आणि संपूर्ण फॅब्रिक (स्पाइन-लीफचं जाळं) बंद असतानाही उत्तर येतं. म्हणून पिंग नेहमी डेटा पत्त्यावर करायचा, आणि होस्टचा डीफॉल्ट रूट बदलून लीफकडे वळवायचा. ट्रेसराउटमध्ये पहिलाच हॉप १७२.२०.२०.१ दिसला तर समजा, पॅकेट फॅब्रिककडे वळलंच नाही.

अंडरले चालू झाल्यावर आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाने आठ समांतर प्रवाह सोडले. दोन मार्ग आहेत, राउटिंग टेबलमध्ये दोन्ही दिसतात, पण सगळी वाहतूक एकाच स्पाइनवरून. लिनक्स कर्नल मूळ सेटिंगमध्ये मार्ग निवडताना फक्त दोन टोकांचे आयपी पत्ते पाहतो, पोर्ट पाहत नाही. एकाच जोडीतले आठही प्रवाह त्याच्या लेखी एकच. मल्टिपाथ हॅश पॉलिसी (मार्ग निवडायचा नियम) ० वरून १ केली की प्रवाह वाटले जातात. हा प्रयोग वाटतो त्याहून मोठा आहे. आज एआयच्या जीपीयू क्लस्टरमध्ये नेटवर्क इंजिनिअरांना जी अडचण छळते ती याच जातीची: मोजकेच पण प्रचंड जाड प्रवाह, हॅशला वेगळेपणा दाखवायला फारसं काही नाही, आणि एक लिंक भरून वाहत असताना शेजारची रिकामी. अशा क्लस्टरमधल्या आरओसीई २ ची (दुसऱ्या यंत्राची मेमरी नेटवर्कवरून थेट वाचणं-लिहिणं) वाहतूक यूडीपी ४७९१ वर चालते आणि पॅकेट हरवलेलं तिला अजिबात सोसत नाही. अल्ट्रा इथरनेट कन्सॉर्शियमने जून २०२५ मध्ये आपलं १.० स्पेसिफिकेशन आणलं त्यामागे हेच दुखणं आहे. पीएफसीसारखा प्रवाह रोखणारा भाग मात्र कंटेनरमध्ये शिकता येत नाही. त्याला खरी चिप आणि खरे बफर लागतात.

आता ओव्हरले, म्हणजे अंडरलेवर चढवलेलं आभासी नेटवर्क. व्हीलॅनचा क्रमांक १२ बिटांचा, म्हणून ४०९४ ची मर्यादा. व्हीएक्सलॅन इथरनेटची फ्रेम आयपी पॅकेटात गुंडाळून नेतं, आणि त्यातला नेटवर्क क्रमांक, व्हीएनआय, २४ बिटांचा, म्हणजे १ कोटी ६७ लाखांवर. प्रत्येक लीफवर एक ब्रिज, त्यात होस्टचा पोर्ट आणि व्हीएनआय १००१० चा व्हीएक्सलॅन इंटरफेस. त्याचा लोकल पत्ता म्हणजे लीफचा लूपबॅक. लर्निंग बंद ठेवायचं, कारण मॅक (हार्डवेअर) पत्ते कळवण्याचं काम बीजीपीचा ईव्हीपीएन हा विस्तार करणार. मग बीजीपीत ईव्हीपीएन फॅमिली चालू करून सगळे व्हीएनआय जाहीर करायला सांगायचं. लगेच टाइप-३ रूट, म्हणजे कुठला लीफ कुठल्या व्हीएनआयमध्ये आहे ते सांगणारे, दिसतात. टाइप-२, म्हणजे मॅकचे रूट, होस्टने एखादं पॅकेट पाठवल्यावरच येतात. गप्प बसलेला होस्ट लीफला माहीतच नसतो. हे ठाऊक नसलं की रूट आले नाहीत म्हणून उगाच कॉन्फिग खणलं जातं.

आमच्याकडे टाइप-२ दोन्ही बाजूंना आले, मॅक टेबल बरोबर, आणि पिंग जाईना. कंट्रोल प्लेन (मार्ग ठरवणारा भाग) पूर्ण निरोगी आणि डेटा प्लेन (पॅकेट नेणारा भाग) मेलेलं, अशा वेळी कॉन्फिग वाचत बसू नये, पॅकेट पकडावं. स्पाइनवर टीसीपीडम्प हा पॅकेट पकडणारा प्रोग्राम लावला तर लीफ २ कडून येणारी पॅकेट ‘ओटीव्ही’ म्हणून छापली जात होती. तिथेच उलगडलं. व्हीएक्सलॅनचा प्रमाण पोर्ट ४७८९, पण लिनक्सच्या व्हीएक्सलॅन इंटरफेसचा मूळ पोर्ट जुन्या कारणाने ८४७२ आहे, आणि तो क्रमांक आयएना या पोर्ट क्रमांक नोंदवणाऱ्या संस्थेच्या यादीत ओटीव्ही या दुसऱ्याच तंत्राच्या नावावर आहे. एका लीफवर पोर्ट स्पष्ट लिहिला होता, दुसऱ्यावर राहून गेला होता. बीजीपीला याची खबर नसते. पोर्ट दोन्हीकडे ४७८९ केल्यावर पिंग सुरू झाला.

आणि मग एमटीयू, म्हणजे लिंकवरून जाऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटचा आकार. यावर जितका वेळ द्याल तितका थोडा. व्हीएक्सलॅन मूळ पॅकेटवर ५० बाइट चढवतं: आतल्या इथरनेटचे १४, व्हीएक्सलॅनचे ८, यूडीपीचे ८, बाहेरच्या आयपीचे २०. होस्टचं १५०० बाइटचं पॅकेट बाहेर १५५० चं होतं. लॅबमध्ये मात्र काहीच अडत नाही, कारण कंटेनरलॅब प्रत्येक लिंकला मुळातच ९५०० चा एमटीयू देतं. ही दुसरी फसवणूक. लिंकचा एमटीयू १५०० वर आणला तरी लिनक्स कर्नल पॅकेटचे तुकडे करून किंवा पाठवणाऱ्याला कळवून वेळ निभावून नेऊ शकतो. खरा स्विच असं करत नाही. २०१४ च्या आरएफसी ७३४८ मध्येच व्हीटीईपीने (व्हीएक्सलॅन गुंडाळणाऱ्या टोकाने) तुकडे करू नयेत असं स्पष्ट लिहिलं आहे.

म्हणून मधला एक स्विच गुपचूप मोठी पॅकेट टाकून देतो आहे असं दृश्य आम्ही मुद्दाम उभं केलं. लिंक ९५०० वरच ठेवल्या आणि दोन्ही स्पाइनच्या फॉरवर्ड चेनमध्ये आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलचा एक नियम घातला: लांबी १५०१ किंवा त्याहून जास्त असेल तर टाकून द्या. कंटेनरमध्ये आयपीटेबल्स नसलं तरी चालतं. कंटेनरलॅब प्रत्येक नोडच्या नेटवर्क नेमस्पेसला नाव देऊन ठेवतं, त्यामुळे लॅपटॉपवरचीच कमांड तिथे चालवता येते. मग होस्टवरून ‘तुकडे करू नका’ हा पर्याय लावून पिंग. पेलोड १४२२: उत्तर आलं. पेलोड १४२३: पूर्ण शांतता, एरर नाही, काही नाही. हिशोब असा: १४२२ मध्ये आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की १४५०, आणि त्यावर ५० म्हणजे बरोबर १५००. आता त्याच होस्टवर एसएसएच करून पाहा. छोटी पॅकेट पोचतात, आणि मोठी फाइल कॉपी करायला घेतली की तिथेच अडकून राहते. साइटवर ‘पिंग लागतोय पण अ‍ॅप्लिकेशन चालत नाही’ अशी तक्रार आली की सगळ्यात आधी हा पिंग करावा. आकडा १४२२ वर थांबला तर दोष कुठल्या थरात आहे हे एका मिनिटात कळतं.

तिसरी फसवणूक लिंक तुटण्याची. लॅबमध्ये एका बाजूचा पोर्ट बंद केला की दुसऱ्या बाजूचाही त्याच क्षणी पडतो, कारण दोन्ही एकाच वेथ (आभासी केबल) जोडीची टोकं आहेत. बीजीपी लगेच सावरतं आणि आपल्याला वाटतं, फॅब्रिक फार चपळ आहे. खऱ्या जगात मध्ये एखादं ट्रान्समिशन उपकरण असतं, किंवा फायबरची एकच दिशा तुटते. पोर्ट चालू दिसतो आणि पॅकेट पोचत नाहीत. हे पाहायला पोर्ट बंद न करता नेटएम या लिनक्सच्या सोयीने स्पाइनच्या एका पोर्टवर १०० टक्के लॉस लावा. एफआरआरचा मूळ होल्ड टाइम (समोरचा गप्प झाल्यावर थांबायची मुदत) १८० सेकंद. म्हणजे जवळपास तीन मिनिटं लीफ त्या मेलेल्या मार्गावर पॅकेट घालत राहतो, आणि हॅशमुळे काही प्रवाह अडकतात, काही सुरळीत चालतात. अर्ध्या वापरकर्त्यांची तक्रार आणि अर्ध्यांचं ‘आमचं बरं चाललंय’ हे चित्र यातूनच येतं. बीएफडी लावल्यावर ३०० मिलिसेकंद गुणिले ३, म्हणजे सेकंदाच्या आत मार्ग बदलला. लॅपटॉपवर बाकी कामं चालू असली तर बीएफडीचा डीमन वेळेत पाळी न मिळाल्याने सेशन विनाकारण पाडू शकतो. तसं झालं तर मध्यांतर १००० करा.

चौथी गोष्ट फसवणूक म्हणण्यापेक्षा एफआरआरची सोय. लीफचे एएस वेगळे असले की आपोआप बनणारे राउट-टार्गेटही (रूट कुणी घ्यायचा ते सांगणाऱ्या खुणा) वेगळे बनतात. एफआरआर त्यातला फक्त व्हीएनआयचा भाग जुळवून रूट घेतो, आणि ईव्हीपीएनचा नेक्स्ट-हॉप (पॅकेट पुढे कुणाकडे द्यायचं तो पत्ता) स्पाइनवर बदलत नाही. नेक्ससवर हीच रचना करताना स्पाइनवर नेक्स्ट-हॉप तसाच ठेवण्याचा राउट-मॅप लिहावा लागतो, सगळे राउट-टार्गेट राखून ठेवायला सांगावं लागतं, आणि टार्गेट हाताने जुळवावे किंवा पुन्हा लिहून घ्यावे लागतात. मुलाखतीत हा प्रश्न विचारतात, आणि फक्त एफआरआरवर शिकलेला माणूस तिथे गप्प होतो. म्हणून लॅब चालू झाल्यावर एक लीफ बदलून तिथे दुसऱ्या कंपनीची इमेज लावा. नोकियाचं एसआर लिनक्स कुठल्याही नोंदणीशिवाय मिळतं, अरिस्टाचं सीईओएस मोफत खातं उघडून. दोन वेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलती करण्यात जी समज येते ती एकाच कंपनीच्या दहा लॅब करून येत नाही.

ऑटोमेशन आम्ही यानंतरच घेतलं, आणि हाच क्रम ठेवावा असं आम्ही सुचवू. सुरुवात वाचण्यापासून करा, लिहिण्यापासून नको. नेटमिको या पायथन लायब्ररीने प्रत्येक नोडवरून नेबरची स्थिती आणि प्रीफिक्सचा आकडा गोळा करून फाइलमध्ये ठेवणारी पन्नास ओळींची स्क्रिप्ट लिहा. बदलाआधी एकदा, बदलानंतर एकदा चालवा आणि फरक पाहा. मोठ्या आउटपुटला नेटमिको मध्येच रीड-टाइमआउट देतो. त्याची मूळ मुदत १० सेकंदांची आहे, तेवढ्या कमांडपुरती ती वाढवा. त्यानंतर एएस, लूपबॅक, लिंक हे सगळं एका यामलमध्ये आणि कॉन्फिग जिंजा टेम्प्लेटमधून. आमच्या पोर्ट ४७८९ च्या चुकीसारखी चूक मग पुन्हा होत नाही, कारण चारही कॉन्फिग एकाच साच्यातून निघतात. साचा चुकला तर मात्र सगळेच एकदम चुकतात. म्हणून आधी एका नोडवर लावून पाहायचं, मग बाकीच्यांवर. एआयकडून कॉन्फिग लिहून घेणाऱ्यांनाही हेच सांगणं. ते सिस्कोच्या आयओएस आणि एनएक्स-ओएस या दोन वेगळ्या सिस्टिमच्या कमांडची सरमिसळ अगदी आत्मविश्वासाने करतं. लॅबमध्ये चालवल्याशिवाय एक ओळही पुढे जाऊ देऊ नये.

डेटा सेंटरऐवजी आयएसपीच्या (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या) कामाकडे कल असेल तर आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी पत्ते वाटणाऱ्या एपनिक या संस्थेच्या अकॅडमीचे मोफत कोर्स आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या लॅब घ्या. भारत एपनिकच्याच क्षेत्रात येतो, त्यामुळे आयपीव्ही६ आणि आरपीकेआयबद्दल (रूट जाहीर करणारा खरा आहे का ते तपासण्याची पद्धत) तिथे जे शिकवतात ते इथल्या कामात थेट लागतं.

जगात गाजलेले खोळंबे हाही शिकण्याचा मोठा साठा आहे, कारण कंपन्या त्यांचे अहवाल स्वतः प्रसिद्ध करतात. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा-सात तास बंद होतं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने सगळा बॅकबोन, म्हणजे डेटा सेंटरांना जोडणारं जाळं, तुटला. अशी कमांड अडवणाऱ्या तपासणी साधनातच दोष होता. बॅकबोन दिसेना म्हणून डीएनएस सर्व्हरनी स्वतःला आजारी समजून आपले बीजीपी रूट मागे घेतले. हे आमच्या सहा कंटेनरांत करून पाहता येतं. दोन्ही होस्टवर एकच एनीकास्ट (अनेक ठिकाणी तोच पत्ता) लूपबॅक द्या, त्यांच्यावरही बीजीपी चालवून तो लीफला जाहीर करा, आणि दर पाच सेकंदांनी समोरच्या लीफच्या लूपबॅकला पिंग करून तो लागला नाही तर जाहिरात मागे घेणारी छोटी स्क्रिप्ट लावा. मग दोन्ही स्पाइनचे पोर्ट पाडा. दोन्ही होस्ट पूर्ण धडधाकट असताना दहा सेकंदांत तो पत्ता दोन्ही लीफवरून नाहीसा होतो. आता लीफमध्ये शिरून दुरुस्ती करायची तर वाट एकच उरते, सुरुवातीला आपल्याला फसवणारा ईथ०. फेसबुकच्या अहवालाप्रमाणे त्या दिवशी त्यांची अशी वेगळी वाटही बंद होती, आणि इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. शेवटी ईथ० सुद्धा बंद करा, आणि लीफवर पोचायला काय उरतं ते कागदावर लिहून काढा.